अर्देशीर गोदरेज: चोराच्या डोक्याने विचार करणाऱ्या प्रामाणिक माणसाची गोष्ट



बदलापूरहून सकाळी सहाची लोकल पकडायची असेल तर घराला कुलूप साडेपाचलाच लागतं. अंबरनाथ, उल्हासनगरचीही तीच गत. नवरा-बायको दोघंही नोकरीला, मुलं शाळेत नाहीतर आजीकडे, आणि फ्लॅट रात्री आठपर्यंत बंद. या बारा-चौदा तासांत सगळ्या संसाराची राखण एक कुलूप करतं. आपण ते लावतो, ओढून बघतो, दोन जिने उतरतो, शंका येते म्हणून परत वर जातो आणि पुन्हा एकदा ओढून बघतो.

हे ओढून बघणं म्हणजेच सिक्युरिटी टेस्टिंग. चोर येऊन ओढण्याआधी आपणच ओढून बघायचं, इतकी साधी कल्पना आहे. एथिकल हॅकर कॉम्प्युटरच्या बाबतीत हेच करतो.

आपल्या या पट्ट्यातली बरीच मुलं-मुली आज एथिकल हॅकिंगकडे वळतायत. कोर्स कोणता करू, टूल्स कोणती शिकू, पगार किती मिळेल, हे प्रश्न ठरलेले. त्यांची उत्तरं इंटरनेटवर ढिगाने मिळतील. पण हॅकिंगच्या आधी जो एथिकल शब्द लागलाय, त्याची किंमत काय असते हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. म्हणून आज कॉम्प्युटर जन्माला यायच्या आधीच्या एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याचं आडनाव बहुतेक तुमच्या घरातल्या कपाटावर लिहिलेलं असेल. तुमची लोकल रोज विक्रोळीवरून जाते, तिथे त्याच नावाचा मोठा कारखाना आहे. आणि पुढे करी रोड, चिंचपोकळी लागतं, त्या लालबाग भागात या गोष्टीची सुरुवात झाली.

वकिली सुटली, कारण खोटं बोलवेना

अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले. वडील आणि आजोबा जमीन-जुमल्याच्या व्यवहारात होते, घर खाऊन-पिऊन सुखी होतं. मुलाने कायदा शिकायला घेतला.

तरुणपणीच त्यांच्यावर मोठा आघात झाला. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. एप्रिल १८९१ मध्ये त्यांची पत्नी बाचूबाई आणि तिच्यासोबतची नात्यातली मुलगी या दोघींचा राजाबाई टॉवरवरून पडून मृत्यू झाला. त्या प्रकरणाने अख्खी मुंबई हादरली. खटला चालला, आरोपी सुटला, आणि त्या दिवशी वर नेमकं काय झालं याचा समाधानकारक उलगडा कधीच झाला नाही. अर्देशीरनी पुन्हा लग्न केलं नाही.

पुढे १८९४ मध्ये एका खटल्यासाठी त्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या झांझिबारला पाठवलं गेलं. काम चांगलं चाललं होतं. पण एका टप्प्यावर त्यांच्या लक्षात आलं की अशिलाची बाजू जिंकायची तर सत्याला थोडा मुरड घालावी लागणार. स्वतःला ज्याची खात्री नाही ते कोर्टात छातीठोकपणे खरं म्हणून मांडायला त्यांनी नकार दिला. लोकांनी समजावलं, ते ऐकेनात. खटला दुसऱ्याकडे गेला आणि अर्देशीर मुंबईला परत आले. त्यानंतर त्यांनी वकिलीचं नाव काढलं नाही.

विचार करा, शिक्षण पूर्ण झालेलं, पहिलंच मोठं काम हातात, आणि एवढ्यासाठी सोडून द्यायचं? घरच्यांना तेव्हा काय वाटलं असेल! पण या माणसाच्या आयुष्यात हेच पुन्हा एकदा घडणार होतं.

चाकू-कात्र्यांवरचा शिक्का

मुंबईत परतल्यावर त्यांनी एका औषधाच्या दुकानात साधी नोकरी धरली. तिथे डॉक्टरांना लागणाऱ्या उपकरणांकडे त्यांचं लक्ष गेलं. शस्त्रक्रियेचे चाकू, चिमटे, कात्र्या सगळं विलायतेहून यायचं. हे आपणही बनवू शकतो, असं त्यांना वाटलं. वडिलांचे स्नेही मेरवानजी मंचेरजी कामा यांनी ३,००० रुपये उसने दिले. त्या काळात ही मोठी रक्कम होती.

अर्देशीरनी उपकरणं बनवली, आणि चांगली बनवली. विकायला एक इंग्रज कंपनीही तयार झाली. अट एकच, मालावर भारतात बनल्याचा शिक्का नको, कारण तो बघितला की कुणी घेणार नाही. अर्देशीर अडून बसले. वस्तू जिथे बनली तिथलंच नाव तिच्यावर हवं. सौदा मोडला, धंदा बसला, आणि कामांचे पैसेही अडकले.

उल्हासनगरच्या वाचकांना यात ओळखीचं काहीतरी दिसेल. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, त्यातूनच १९४९ मध्ये उल्हासनगर नावाचं गाव उभं राहिलं. रिकाम्या हातांनी आलेल्या माणसांनी मिळेल ते बनवून विकलं. परदेशी नाव असल्याशिवाय माल उचलला जात नव्हता, आणि मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद घरोघरी पोचला. आपण त्या विनोदावर हसतो, पण त्यात गिऱ्हाइकाचाही दोष आहे. तीच वस्तू, पण देशी नाव दिसलं की आपला हात आखडतो. अर्देशीरना हा अनुभव त्याच्या पन्नासेक वर्षं आधी आला होता. पोटासाठी शिक्का बदलणाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. अर्देशीरनी मात्र नुकसान पत्करलं आणि शिक्का बदलला नाही.

लालबागची शेड

दोन वेळा आपटलेला माणूस. वय तिशीच्या आत. अशात त्यांच्या वाचनात एक बातमी आली. मुंबईत घरफोड्या वाढल्या होत्या आणि लोकांनी आपापल्या घरांचा, पेढ्यांचा नीट बंदोबस्त करावा असं पोलीस कमिशनर सांगत होते. चांगली कुलपं विलायती आणि महाग. देशी कुलपं हाताने घडवलेली, एकासारखं दुसरं नाही, आणि भरवसाही नाही.

अर्देशीर पुन्हा कामांकडे गेले. आधीचे पैसे बुडाले असतानाही कामांनी पुन्हा पैसे दिले. माणूस धंद्यात हरला होता, पण खोटं वागला नव्हता, हे त्यांना दिसत होतं.

७ मे १८९७. लालबागला गॅस कंपनीशेजारी जेमतेम २१५ चौरस फुटांची शेड. म्हणजे आजच्या बदलापूरमधल्या वन रूम किचनपेक्षाही लहान जागा! तिथे डझनभर कामगारांसह कुलपांचा कारखाना सुरू झाला. पुढे कर्ज फेडायची वेळ आली तेव्हा कामांनी पैसे नाकारले आणि आपल्या नात्यातल्या बॉइस यांना सोबत घ्यायला सांगितलं. बॉइस भागीदार झाले, थोड्याच काळात बाहेरही पडले. पण अर्देशीरनी त्यांचं नाव पाटीवरून पुसलं नाही. म्हणून कंपनी आजही गोदरेज अँड बॉइस.

कुलूप फोडणारे दोन प्रकारचे असतात

इथे जरा थांबून थोडं मागे जाऊ, म्हणजे अर्देशीर कोणत्या प्रश्नाला भिडले ते कळेल.

१८५१ मध्ये लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. त्या वेळी अल्फ्रेड हॉब्स नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्याने चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप अर्ध्या तासाच्या आत चावीशिवाय उघडून दाखवलं. मग तो ब्रामा कंपनीच्या कुलपाकडे वळला. हे कुलूप उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस, अशी पाटी दुकानाच्या खिडकीत कित्येक वर्षं होती आणि कुणालाच ते जमलं नव्हतं. हॉब्सला एकूण ५१ तास लागले, पण उघडलं. इंग्लंडमध्ये गहजब झाला. अशा गोष्टी उघड केल्या तर चोरांचं फावेल, असं काहींचं म्हणणं. चोरांना हे आधीच माहीत असतं, अंधारात असतो तो फक्त मालक, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं.

हा वाद आजही संपलेला नाही. वेबसाइटमधली चूक सापडली की ती जाहीर करायची की गुपचूप कंपनीला कळवायची, यावर आजचे सिक्युरिटीवाले तेच मुद्दे मांडतात. फक्त कुलपाच्या जागी सर्व्हर आलाय.

१८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी सांकेतिक लिपीबद्दल एक तत्त्व मांडलं. पद्धत शत्रूला माहीत झाली तरी चालेल, चावी गुप्त राहिली की पुरे, इतकी ती पद्धत भक्कम असावी. कुलपालाही हेच लागू पडतं. आतली रचना कुणाला कळू नये म्हणून जे कुलूप सुरक्षित आहे, ते सुरक्षित नाहीच. चोर ते बाजारातून विकत आणून घरी निवांत खोलून बघू शकतो.

तीन कुलपं, तीन धडे

अर्देशीरनी लिव्हरची कुलपं बनवायला घेतली. लिव्हर म्हणजे कुलपाच्या पोटात एकावर एक रचलेल्या धातूच्या पट्ट्या. चावीचे दात प्रत्येक पट्टीला ठरावीक उंचीवर उचलतात. सगळ्या पट्ट्या बरोबर उंचीवर आल्या की खाचा एका रेषेत येतात आणि खिट्टी सरकते. एखादी पट्टी जरा कमी उचलली गेली किंवा जास्त, तरी खिट्टी अडते. पासवर्डचं एक अक्षर चुकल्यावर होतं तसंच.

या कुलपांना चावीशिवाय उघडणार नाहीत अशी हमी दिली जायची. पण अर्देशीर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्या तीन कुलपांकडे बघा.

पहिलं, स्प्रिंग नसलेलं कुलूप. लिव्हर परत खाली बसवायला आत स्प्रिंग असायची. ती गंजते, थकते, तुटते, आणि मग मालकाचीच चावी चालत नाही. म्हणजे मोडणारा भाग कुलपाच्या आतच होता. तो काढून टाकायची रचना त्यांनी शोधली आणि १९०९ मध्ये त्याचं ब्रिटिश पेटंट मिळवलं. सॉफ्टवेअरमध्येही हा पहिला धडा असतो. नवं काही जोडायच्या आधी, जो भाग दगा देईल तो काढता येतो का ते बघा.

दुसरं, दोन चाव्यांचं गॉर्डियन कुलूप. दोन्ही चाव्यांनी ते उघडायचं, लागायचं. पण एक चावी अशी होती की तिने आतली रचनाच बदलायची आणि दुसरी चावी बाद व्हायची. नोकराकडे किंवा मुनिमाकडे दिलेली चावी हरवली, त्याने नक्कल करून घेतली, तर कुलूप बदलायला नको. आज ऑफिसमधला माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा अॅक्सेस लगेच बंद करतात. करायला हवा! कित्येक छोट्या धंद्यांत तो महिनोन्महिने तसाच चालू राहतो.

तिसरं, डिटेक्टर कुलूप. ही कल्पना चब कंपनीच्या कुलपांत आधीपासून होती. अर्देशीरनी आपलं कुलूप काढलं. चुकीची चावी घालून कुणी खटपट केली की आत एक खिट्टी पडायची. मालकाने आपली चावी फिरवली की ती पूर्ववत व्हायची, आणि आपल्यामागे कुणीतरी हात घातला होता हे त्याला कळायचं. नव्या मोबाइलवरून लॉगिन झाल्याचा मेल तुम्हाला येतो ना? कल्पना तीच. चोरी झाली नाही यावर समाधान मानायचं नाही, प्रयत्न झाला होता हे मालकाला कळलं पाहिजे.

तिन्ही कुलपांमागे विचार एकाच प्रकारचा दिसतो. माझं कुलूप किती चांगलं आहे यापेक्षा, हे फसेल तर कुठे फसेल? चोर असाच विचार करतो. फरक इतकाच की अर्देशीर उत्तर सापडल्यावर मालकाच्या बाजूने उभे राहत.

तिजोरी: सांधे कमी, धोका कमी

कुलपं चालायला लागल्यावर ते तिजोरीकडे वळले. पहिली तिजोरी १९०२ मध्ये तयार झाली. तिजोरी फोडणारा नेहमी कुलपाशी झटत बसत नाही. तो पत्र्याचे सांधे बघतो, बिजागरी बघतो, मागची बाजू बघतो. शिवाय आगीला कुलूप-चावीशी काही देणंघेणं नसतं. म्हणून अर्देशीरनी तिजोरीचं अंग एकाच पोलादी पत्र्याला सोळा ठिकाणी वाकवून करायचं ठरवलं. जितके सांधे कमी, तितक्या घुसायच्या जागा कमी. दाराला दोन पत्रे, आणि कुलूप आतल्या पत्र्याला जोडलेलं. बाहेरचा पत्रा कापला म्हणून कुलूप हातात येत नाही.

आजचे टेस्टर हेच दोन नियम वेगळ्या शब्दांत शिकवतात. नको असलेले पोर्ट आणि प्लगइन बंद करा, आणि एक थर तुटला तरी दुसरा उभा राहील अशी व्यवस्था ठेवा. हे न केल्याने काय होतं ते महाराष्ट्राने बघितलंय. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. शाखेचं दार कुणी फोडलं नाही. एटीएमच्या व्यवहारांना होकार देणारी यंत्रणाच मालवेअरने बाजूला सारली गेली आणि बनावट कार्डांना पैसे मिळत गेले. कुलूप शाबूत, पण होकार देणारा पहारेकरी बदललेला.

चावी, साबण आणि नाशिक

धंदा वाढला, धाकटे भाऊ पिरोजशा सोबत आले. १९१८ च्या सुमारास अर्देशीरनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून अंघोळीचा साबण काढला. नाव ठेवलं चावी. जीव अजूनही कुलपातच!

१९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले. देशासाठी एवढा मोठा हात, पण स्वदेशीच्या नावाखाली हलका माल खपवणं त्यांना मान्य नव्हतं. देशी आहे म्हणून चालवून घ्या, हे त्यांच्या लेखी गिऱ्हाइकाची फसवणूकच होती. ज्या माणसाने भारतात बनल्याच्या शिक्क्यासाठी धंदा सोडला, त्याला हे म्हणायचा अधिकार होता.

१९२८ मध्ये कारभार पिरोजशांकडे सोपवून ते नाशिकला शेती करायला गेले. शेतीत फारसं यश आलं नाही. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं. विक्रोळीचा कारखाना नंतरचा, तो पिरोजशांच्या काळातला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी, १९५१-५२ साली, तिथे लाखो पोलादी मतपेट्या बनल्या. बाहेरून वेगळं कुलूप लावलं तर पेटी महाग पडत होती, म्हणून बंद करायची रचना पेटीच्या आतच बसवली. ज्यांच्या घराला कुलूपही नव्हतं, अशा कितीतरी माणसांचं मत त्या पेट्यांनी राखलं.

मग एथिकल म्हणजे नक्की काय?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. चोर आणि कुलूपवाला, दोघांची विद्या एकच. ब्लॅक हॅट हॅकर आणि एथिकल हॅकर, दोघांची टूल्सही तीच, एनमॅप, वायरशार्क, बर्प सूट. फरक चार गोष्टींत आहे.

१. लेखी परवानगी. उल्हासनगरच्या फर्निचरवाल्याची वेबसाइट कच्ची आहे हे तुम्हाला दिसलं, तरी न विचारता आत शिरायचं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं कलम ४३ परवानगीशिवाय शिरण्याबद्दल आहे. तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ लागतं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मी फक्त बघत होतो, या सबबीच्या भरवशावर राहू नका.

२. हद्द. अंबरनाथ एमआयडीसीतल्या कारखानदाराने बिलिंगचं सॉफ्टवेअर तपासायला सांगितलं, तर तेवढंच तपासायचं. पगाराची फाइल उघडी दिसली तर ती वाचायची नाही, उघडी आहे एवढं कळवायचं.

३. खरा रिपोर्ट. सापडलं ते सगळं लिहायचं. गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून लपवायचं नाही, आणि पुढचं काम मिळावं म्हणून फुगवायचंही नाही. अर्देशीर झांझिबारला अडले ते याच ठिकाणी.

४. गुप्तता आणि वेळ. चूक सापडली की आधी मालकाला सांगायचं, दुरुस्तीला वेळ द्यायचा. मालक दाद देत नसेल तर सरकारच्या सर्ट-इन या संस्थेला कळवता येतं.

सराव कुठे करायचा? आपल्याच लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन टाका. डीव्हीडब्ल्यूए किंवा ज्यूस शॉपसारखी मुद्दाम कच्ची ठेवलेली अॅप्लिकेशन्स फुकट मिळतात, ती हवी तेवढी फोडा. नंतर कंपन्यांच्या बग बाउंटीत नियम वाचून उतरा. सीईएच, ओएससीपी ही सर्टिफिकेट्स नोकरीसाठी उपयोगी पडतात, नाही असं नाही.

पण एक लक्षात ठेवा. तुमच्या हातात कंपनी आपल्या घराची चावी देणार आहे. तुम्हाला कुलूप उघडता येतं का, हे ती परीक्षेने तपासू शकते. उघडल्यावर तुम्ही काय कराल, हे तपासायला कुठलीही परीक्षा नाही. तिथे फक्त तुमचं आजवरचं वागणं बघितलं जातं. कामांनी बुडालेल्या कर्जावर पुन्हा पैसे दिले ते अर्देशीरचं वागणं बघूनच.

उद्या सकाळी लोकल पकडायच्या आधी कुलूप ओढून बघाल, तेव्हा मोबाइलचा पासवर्ड आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनही एकदा ओढून बघा. आणि या क्षेत्रात येण्याचा विचार करणारं कुणी ओळखीचं असेल, तर कोर्सची फी भरायच्या आधी त्यांना ही गोष्ट नक्की वाचायला द्या.